मोटेवरचा मल्लाप्पा

येरळा नदीच्या काठी हिंगणोळे नावाचे गाव आहे. गाव लहान, पण तिथल्या विड्याच्या पानांचे नाव मोठे. त्या गावी सिद्धेश्वराच्या देवळाच्या ओवरीत एक सत्पुरुष राहात असत. ते कुठून आले, त्यांचे मूळ नाव काय, हे कुणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. ओवरीत राहतात म्हणून लोक त्यांना ओवरीचे महाराज म्हणत. अंगावर एक कांबळे, उशाला एक वीट. दुपारी कुणी भाकरी आणली तर ठीक, नाही आणली तर सिद्धेश्वर आहेच! त्या महाराजांची ही कथा. ऐकताना कुणाविषयी मनात काही खुपत असेल तर ते लपवू नका, खुशाल सोबत घेऊन बसा. कथा त्याच्याचसाठी आहे.

गावात गंगाक्का नावाची एक बाई होती. नवरा शिवाप्पा ऐन उमेदीत तापाने गेला. मागे राहिला एक लहानसा पानमळा, आणि त्यावरच तिचे पोट. मळ्याला लागून तिच्या चुलत दिराचा, मल्लाप्पाचा पानमळा होता. तो तिच्या मळ्याच्या कितीतरी पट मोठा. दोन्ही मळ्यांत विहीर एकच. बैल आणि चामड्याची मोट मल्लाप्पाची. शिवाप्पा असल्यापासूनचा रिवाज असा की मल्लाप्पाने आपल्या बैलांनी गंगाक्काच्या मळ्याला पाणी पाजायचे आणि तिने त्याच्या मळ्यात पाने खुडायला जायचे. रिवाज चालू होता, पण मल्लाप्पाचा जीव आत जळत होता.

आता तुम्ही म्हणाल, त्या गरीब विधवेकडे जळण्यासारखे होते तरी काय? घर मल्लाप्पाचे मोठे, बैल खिलार, बायको सुगरण, अंगणात धान्याची पेवे. गंगाक्काकडे यातले काहीच नव्हते. पण ती हसत असे! मळ्यात खुडणी करता करता बायकांशी काही बोले आणि खळखळून हसे. ते हसणे कुंपणापलीकडे मल्लाप्पाच्या कानी पडले की त्याच्या हातातले पान चुरगळायचे. ‘हिचा नवरा गेला, हिच्या चुलीवर दोन वेळा तवा चढत नाही, आणि ही हसते कशाच्या जोरावर? माझ्याकडे सगळे आहे, मग मला का हसू येत नाही?’ माणूस दुसऱ्याच्या धनावर जळतो तेव्हा त्याला औषध तरी असते. धन मिळवता येते. पण दुसऱ्याच्या समाधानावर जळू लागला की त्याचे हाल कुत्रा खात नाही. मल्लाप्पाने तर हट्टाने तिच्या मळ्यातले पानही तोंडात घालायचे सोडले होते. भर लग्नात कुणी विडा पुढे केला तरी आधी विचारायचा, “पान कुणाच्या मळ्यातलं?” वैनीचे म्हटले की हात मागे!

गंगाक्काचे ते हसू तिला महाराजांकडून मिळाले होते. नवरा गेला तेव्हा ती ओवरीत येऊन धाय मोकलून रडली होती. “महाराज, समदं संपलं! आता म्या जगू कशाला?”

महाराजांनी तिला रडू दिले. मग म्हणाले, “गंगाक्का, उतरण कशी करतात ते मला सांगशील? मी आपला ओवरीतला माणूस, मला ठाऊक नाही.”

पदराने डोळे पुसत ती सांगू लागली. पानवेल शेवरीच्या झाडावर चढवतात. चढत चढत तो शेंड्याला पोचतो. मग उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या गाठी सोडतात, त्याला ओढून खाली घेतात, वेटोळे करून मातीत पुरतात आणि नुसता शेंडा वर ठेवतात. त्या पुरलेल्या वेलाला नवी मुळे फुटतात आणि तोच पुढे कोवळी, रसरशीत पाने देतो.

“पुरताना त्या वेलाला काय वाटत असेल?” महाराजांनी विचारले.

“काय वाटंल? वाटत असंल, संपलं आपलं.”

“आणि पुरणाऱ्या गंगाक्काला काय वाटतं?”

ती हळूच म्हणाली, “म्या फुडच्या पानांकडं बघती, महाराज.”

“झालं तर मग! जे घडलं ते तुझ्या किंवा माझ्या हातात नव्हतं. पण त्याला शेवट म्हणायचं की उतरण म्हणायचं, एवढं आपल्या हातात आहे. तू वेलाच्या जागी बसून बघतेस म्हणून रडतेस. थोडं पुरणाऱ्याच्या जागी बसून बघ.”

त्या दिवसापासून बाई बदलली. दुःख गेले नाही, दुःख कुठे जाते? पण तिची त्याच्याकडे बघायची तऱ्हा बदलली. गाय आटली तर म्हणे, उतरण आहे. भिंत खचली तर म्हणे, उतरण आहे. आणि मल्लाप्पा कुंपणापलीकडे दात खात राही.

एका वैशाखात मोठे वादळ आले. नुसती धूळ आणि वारा, पावसाचा एक थेंब नाही. मल्लाप्पाच्या मळ्याभोवती दाट झाडी होती, त्याचे काही बिघडले नाही. गंगाक्काच्या मळ्यातल्या शेवऱ्या मात्र कडाकड मोडल्या आणि वर चढलेले सगळे वेल जमिनीवर आदळले. त्या वर्षी तिची उतरण व्हायची राहिली होती. सारे गाव हळहळले. वेल असेच उन्हात पडून राहिले असते तर मळा जळून गेला असता, आणि नवा वेल लावून त्याची पाने यायची तोवर तिने खायचे काय? मळा मल्लाप्पाला देऊन माहेरी भावाच्या दारात जाऊन बसायचे, एवढीच वाट उरली असती.

गंगाक्का मळ्याच्या मधोमध उभी राहिली. डोळ्यांत पाणी आले, ते तिने पुसले आणि पदर खोचला. “बायांनो, रडताय काय? औंदा देवानंच उतरण केली. आपण पुरायचं काम करूया!”

शेजारणींनी हात लावला आणि दिवस मावळेपर्यंत सगळे वेल मातीत गेले. आता हवे होते पाणी. पुरलेल्या वेलाला पाणी लगेच मिळाले नाही, तर वैशाखाच्या उन्हात तो मातीतच भाजून निघतो.

मल्लाप्पाला हे पक्के ठाऊक होते. दुसऱ्याच दिवशी नदीपलीकडे बिरोबाची जत्रा सुरू व्हायची होती. त्याने बैलांची शिंगे रंगवली, मोट आणि तिचा जाड दोर, म्हणजे नाडा, मळ्यातल्या खोपीत घालून कुलूप ठोकले, किल्ली करगोट्याला बांधली आणि बायकोला छकड्यात बसवून तो पहाटेच निघाला. गंगाक्का धावत आडवी आली.

“भावजी, एवढं एक पाणी पाजून जावा की! येल मरत्याल माझं.”

“बैलं काय वर्सभर तुमच्याच मोटंला जुपून ठिवू? त्यास्नी बी जत्रा असती, वैनी.”

एवढ्यावर थांबला असता तरी चालले असते. पण पोटातले ओठांवर आल्याशिवाय राहते का? देवळावरून जाताना त्याने छकडा थांबवला आणि महाराजांना हाक मारून म्हणाला, “महाराज, ऐकलं का? वैनी म्हंत्यात, देवानं उतरण केली. मग पाणी बी देवच पाजंल! मल्लाप्पा कशाला पायजे?”

महाराज हसले. म्हणाले, “पाजील ना. पण मल्लाप्पा पाहिजेच रे.”

त्याला यातले काही कळले नाही. छकडा नदीकडे गेला.

गंगाक्काने सकाळपासून घागरीने पाणी ओढले. हातांना फोड आले, आणि भिजली किती जमीन, तर अंगणाएवढी! ऊन तापले तशी ती विहिरीच्या कडेला बसून राहिली. “सिद्धेश्वरा,” ती म्हणाली, “तुझ्या मनात असंल तसं हू दे. म्या पुरायचं ते पुरलंय.”

आणि त्याच वेळी विहिरीवरचे चाक करकरले!

गंगाक्काने मान वर केली. विहिरीलगतच्या उतरत्या धावेवर खिलार बैल जुंपलेले, रंगवलेल्या शिंगांचे. नाड्यावर बसून मल्लाप्पा मोट हाकत होता, आणि खड्या आवाजात गात होता! भाविकहो, त्या मल्लाप्पाला जन्मात कुणी गाताना ऐकले नव्हते.

“बघत काय ऱ्हायलाय, वैनी? पाटाला पाणी आलं. दारं धरा जावा!”

ती मळ्यात धावली आणि माती ओढून सरीसरीची दारे उघडू लागली. पाणी सरीसरीतून खेळू लागले, तापलेली माती चरचर करून पाणी पिऊ लागली. गाणे ऐकून शेजारपाजारची माणसे आली आणि तोंडात बोटे घालून बघत राहिली. दिवस कलला तेव्हा सगळा मळा भिजला होता. गंगाक्काने भाकरी आणली, तर तो म्हणाला, “भाकरी नगं. तुमच्या मळ्यातलं एक पान द्या.” पान खाऊन तो बैलांसह नदीकडे निघून गेला. जत्रा संपेपर्यंत रोज असेच झाले. गाव म्हणू लागले, “जत्रा सोडून वैनीसाठी हेलपाटे घालतोय. आपण मल्लाप्पाला उगाच वाईट समजलो!”

जत्रा उलगली आणि मल्लाप्पा परतला. वेशीत शिरतो तोच म्हाताऱ्या अण्णाप्पाने त्याच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास रे मर्दा! घराण्याचं नाव राखलंस!” मल्लाप्पाला वाटले थट्टा आहे. पुढे पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, “दीर असावा तर असा.” घरी पोचला तर दारात गंगाक्का ताट घेऊन उभी! तिने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, निरांजन ओवाळले.

“भावजी, तुमच्यामुळं मळा वाचला.”

मल्लाप्पा तसाच खोपीकडे धावला. कुलूप होते तसे होते, किल्ली करगोट्यालाच होती. दार उघडून त्याने मोटेला हात लावला. मोट ओलीचिंब होती! तो मोटेशेजारीच खाली बसला.

खरे बोलायला त्याला कुणी अडवले नव्हते. पण फुकट मिळालेले कौतुक कुणाला नको असते? तो गप्प राहिला. लोक पारावर बसून त्या मल्लाप्पाच्या गोष्टी सांगू लागले. काय गात होता! कसा हसत होता! बैलांना एकदाही आसूड लावला नाही! आणि मल्लाप्पा ऐकत बसे, आणि त्याच्या पोटात ती जुनी आग पेटे. आता कुणाचा हेवा वाटत होता त्याला? तर स्वतःचाच! आपला चेहरा लावून आलेला तो दुसरा, तो गात होता, हसत होता, गाव त्याच्यावर जीव टाकत होते. वैनीवर जळताना निदान कुंपण तरी मध्ये होते. आता आरशात बघावे तर तोच समोर. जेवण गोड लागेना. झोपेने पाठ फिरवली.

अखेर सोमवारी, देवळात सारे गाव जमलेले असताना, तो महाराजांसमोर येऊन उभा राहिला. गंगाक्काही तिथेच होती.

“महाराज, त्यो म्या नव्हतो!” तो ओरडला. “म्या जत्रंत होतो. म्या मोट कुलपात घातली. वैनीचा मळा जळावा म्हनून घातली! मोटंवर होता त्यो कुनी दुसराच!”

महाराज शांतपणे म्हणाले, “ठाऊक आहे.”

मल्लाप्पा एक पाऊल पुढे आला. “मग देवाला दुसरं कुनाचं रूप मिळालं न्हाई? माझंच का घेतलं? मला जाळायला?”

“अरे, त्यानं तुझी निंदा केली का? सगळ्या गावाला दाखवून गेला की मल्लाप्पा असाही असू शकतो. गळा तुझाच, हात तुझेच, बैलही तुझेच. त्यानं बाहेरून काही आणलं नाही. आजवर तू वैनीच्या हसण्याकडं चोरी झाल्यासारखा बघत आलास. तुझं हसू तिनं कधी नेलंच नव्हतं, बाळा. मोटेवरची जागा आता रिकामी आहे. जाऊन बस.”

मल्लाप्पाच्या डोळ्यांना धारा लागल्या. तो गंगाक्काकडे वळला. “वैनी, तुमी मला फुकट ओवाळलंसा.”

गंगाक्का हसली. तेच हसू! म्हणाली, “भावजी, मला पयल्याच दिशी कळलं व्हतं. त्यानं माझ्या मळ्यातलं पान मागितलं. तुमी कवा खाता माझ्या मळ्यातलं पान?”

“कळलं व्हतं? मग आरती कशाला केलीसा?”

“म्या इचार केला,” ती म्हणाली, “ज्याचं रूप घ्यावं असं खुद्द देवाला वाटलं, त्यो मानूस वाईट कसा असंल?”

हे ऐकले आणि मल्लाप्पाने महाराजांच्या चरणांवर लोळण घेतली. महाराजांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. मग तो उठला आणि भर सभेत, ताठ मानेने मिरवणारा तो मल्लाप्पा, वहिनीच्या पायांशी वाकला. तिथून मान वर न करताच त्याने ओंजळ पुढे केली.

“वैनी,” तो म्हणाला, “तुमच्या मळ्यातलं एक पान द्या.”