ठकूमायने न विचारलेला खोकला

फार वर्षं झाली, इतकी की तेव्हा सावरखोऱ्यातल्या म्हाताऱ्यांनाही दात होते. गावात ठकू नावाची कासारीण होती. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, गालात तंबाखू आणि जीभ अशी, की पाटलीणबाईंचा हात दाबतानाही म्हणायची, हा हात आहे की लोण्याचा गोळा?

पण मनगट धरलं की बाईचं दुखणं बाईच्या आधी तिला कळायचं, असं म्हणतात. संक्रांतीला बोटं चेपून चेपून चढवलेल्या मापाची बांगडी नागपंचमीला आपसूक सरकली, की ठकूमायची थट्टा थांबायची. मग हळूच विचारायची, खोकल्याला पंधरवडा उलटला का? तिन्हीसांजेला अंग कोमट होतं का? झोपेत घामानं चोळी भिजते का? होकार आले, की बाई कितीही टवटवीत दिसो, घरच्यांना सांगायची, "क्षय हाय. रगत पडायची वाट बघू नका."

तेव्हा औषध नव्हतं. वाऱ्यावरची झोपडी, दूध, अंडी, आराम, बस्स. लवकर कळलं तर दोघी-चौघी तगायच्या. उशिरा कळलं तर कुणीच नाही. आणि आपलं गाव किती शहाणं! लेकीची सोयरीक मोडू नये म्हणून आया बांगडीला आतून दोरा गुंडाळून पाठवायच्या. दोऱ्यानं बांगडी घट्ट बसायची, लेक मात्र जायची.

ठकूमाय अशांना नावं ठेवायची. आणि तिच्या घरात काय चाललं होतं?

कासाराघरी नवी बांगडी सुनेला कोण भरतो? जोड फुटलेल्या, न खपलेल्या तिच्या वाट्याला. तिची सून यमी लग्नापासून सैल बांगड्यांतच वावरली. त्या खळखळल्या तर नवल कुणाला? खोकला यायचा, तो चुलीच्या धुराचा म्हणून सोडून दिलेला.

यमीच्या भावाचं लग्न निघालं, तेव्हा ठकूमायने पहिल्यांदा तिला समोर बसवलं. नेहमीचं माप घेतलं, ते गळून पडलं. त्याखालचं घेतलं, तेही पडलं. शेवटी पोरीबाळींची बांगडी घेतली. ती एक बोटही न चेपता आत गेली.

ठकूमायने विचारलं, कधीपासून?

यमी म्हणाली, "आत्याबाई, तीन महिने झालं. तुमी साऱ्या गावाला इचारता. म्हनलं, मलाबी इचाराल."

ठकूमायने सुनेला पाठुंगळीला घेऊन टेकडीवर नेलं. झोपडी बांधली, शेळी बांधली, दूध पाजलं. होळीला यमी गेली. पुढच्या आषाढापर्यंत ठकूमाय दारोदार एकच प्रश्न विचारत हिंडली. मग एका दिवेलागणीला टेकडी चढली ती उतरलीच नाही. तिथल्या झाडांना पानांऐवजी बांगड्या फुटल्या, असं म्हणतात. वारा नसतानाही किणकिणतात.

आता औषध आहे. सहा महिने नेमानं घेतलं की माणूस उठून कामाला लागतं. तरी सावरखोऱ्यात नागपंचमीला कासार गावात फिरायच्या आधी स्वतःच्या घरातल्या बायकांचं माप घेतो. आणि ठकूमायच्या नावानं प्रत्येक सासू त्या दिवशी सुनेला समोर बसवून विचारते, "खोकला हाय का गं?" पंधरा दिवसांचा असेल, तर दोघींनी तशाच दवाखान्यात जायचं, बेडका तपासायला द्यायचा.

विचारतात सगळ्या. उत्तर ऐकायला किती थांबतात, ते मात्र सुनांनाच विचारा.