मधोमधची जागा

ताणून बांधलेला एक पांढरा पडदा होता, त्याच्या मागे एक दिवा होता, आणि त्या दोहोंच्या मधे होतं एक राज्य. तिथे चामड्याच्या बाहुल्या राहत. त्यांतली एक मंजुळा, वेताच्या काडीसारखी. आणि दुसरी धुरपा, भरल्या अंगाची, रुंद पाठीची. दोघींचा एकमेकींवर जीव. पेटीत निजायच्या त्या अंगाला अंग लावून.

राज्याची रीत अशी, की पडद्यावर जिची सावली पडली ती जगली. नाही पडली ती असून नसल्यासारखी. पुरुषांच्या सावल्या तऱ्हेतऱ्हेच्या. ढेरपोट्या कोतवाल, कुबडा वैद्य, ताडमाड राक्षस. बायका मात्र साऱ्या एका नमुन्यावरून कातरलेल्या. मूठभर कंबर, लांब मान. धुरपा त्यातून कशी सुटली कोण जाणे! तिला वर्षातून एकदा बोलावणं यायचं, ते कोतवालाची बाज मोडायला. धुरपा बसली, बाज मोडली, लोक खो खो हसले, की ती परत पेटीत.

या सगळ्यांना कातरणारी होती रापी. चामडं कापायचं पातं ते, पण जीभ मधाची. एके दिवशी ती म्हणाली, "मुलींनो, काळ बदललाय बरं. दोघी बायकांची जोडी आता पडद्यावर चालेल. अगदी मधोमध उभी करते तुम्हाला. फक्त आमच्या धुरपाबाईंना जरा नमुन्यात बसवावं लागेल. थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे काय, रापीबाई?" धुरपाने विचारलं. "पाठ जाणार का पोट?"

"दोन्हीच्या कडा गं."

"मग मधे उरणार काय? बेंबी?"

रापी हसली. मंजुळा हसली नाही. तिला जन्मात एकच गोष्ट हवी होती. लोकांनी एकदा दोघींना एकत्र बघावं आणि म्हणावं, या दोघी एकमेकींच्या. आठ दिवस ती धुरपाच्या मागे लागली.

"अगं, एवढीशी कड ती काय! एकदा आपली सावली पडू दे. मग कुणी म्हणायचं नाही, असल्या बायका नसतातच म्हणून."

"मला कमी करून जोडी पुरी होते होय गं?"

"माझ्यासाठी," मंजुळा म्हणाली. हाच शब्द तिला पुढे जन्मभर टोचत राहिला.

धुरपा रापीखाली निजली. पाठ गेली, दंड गेले, पोटाची गोलाई गेली. कातरण केरात गेलं. ती उठून आली तेव्हा मंजुळेने तिला ओळखलं ते आवाजावरून. रात्री पेटीत सवयीने धुरपाच्या पाठीवर हात टाकला, तर तो रिकाम्या फळीवर पडला.

मग त्यांच्या खेळाची संध्याकाळ आली. दिवा लागला. पडद्याच्या मधोमध दोन सावल्या उभ्या राहिल्या, दोघींची तोंडं एकाच बाजूला, जशी त्या राज्यात सगळ्यांचीच असतात.

"अगंबाई, जुळ्या बहिणी वाटतं!" पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

बहिणी नव्हेत, हे दाखवायला मंजुळा सरकली आणि धुरपाला पाठीमागून घट्ट बिलगली. मानेवर मान, कंबरेवर कंबर, बरोब्बर बसली. पडद्यावर एकच सावली उरली.

"आणि ती दुसरी कुठे गेली गं?"

"जाईल कुठे? सासरी!"

लोक पोट धरून हसले. मंजुळा घाबरून मागे सरली, तशी दुसरी सावली पुन्हा दिसली. "ही बघा, आली माहेरी!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या दिवसापासून दोघींचं भाग्य उजळलं. मधोमधची जागा कायमची त्यांची झाली. लोक लांबलांबून येतात, रापीबाई स्वतः तेल लावून त्यांचं अंग चकचकीत ठेवते. आणि रोज दिवा लागला, की धुरपा सगळ्यांना दिसावी म्हणून मंजुळा तिच्यापासून वीतभर लांब उभी राहते.