ओढ्यात सोडायचं सोनं

हा समोर दिसतो तो ओढा. मॉरिशसच्या या दक्षिण टोकाला असे ओढे पुष्कळ आहेत, आणि रुंदीला हा त्यातला लहानच. पण दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या गावची सगळी मराठी माणसं इथे येतात, ओढा ओलांडतात आणि हातातली पानं एकमेकांना न देता पाण्यात सोडतात. 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' हे इथे कोणी म्हणत नाही. देशातून आलेल्या पाहुण्यांना ते खटकतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

ही रीत पडली तेव्हा इथे गाव नव्हतं. एका गोऱ्या मालकाचा उसाचा मळा होता आणि हा ओढा म्हणजे मळ्याची हद्द. रत्नागिरीकडून गिरमिट, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीचा करार, लिहून घेऊन आणलेली माणसं मळ्यात राबत. मालकाची चिठ्ठी नसताना कोणी ओढ्यापलीकडे दिसला, तर शिपाई त्याला भटक्या म्हणून धरून नेत. असा कायदाच होता.

त्यांच्यात धाकू गुरव नावाचा माणूस होता. संगमेश्वराकडचा. गावी त्याच्या घराण्याकडे देवीच्या पालखीचा मान असे. दसऱ्याला पालखी शिवेपलीकडे जाई, तेव्हा पुढचा खांदा गुरवांचा. इथे दसरा येई ऐन तोडणीत. धाकू दर वर्षी सुट्टी मागे आणि दर वर्षी नाही ऐके. त्याची बायको भागी त्याला म्हणायची, "एवढी तोडणी होऊ द्या. पुढला दसरा आपल्या शिवेवर करू." कारण त्या साली धाकूचं गिरमिट संपत होतं. त्याच्या बरोबरीने आलेल्या पुष्कळांचं संपत होतं. तोडणी झाली की ते जहाजात बसणार होते.

मजुरांवर एक मुकादम होता. इथे त्याला सरदार म्हणत. नाव सुभान्या. तोही आपलाच, धाकूच्या शेजारच्या गावचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो आपण होऊन धाकूकडे आला.

"मालकाशी बोललो मी," सुभान्या म्हणाला. "काम सुटल्यावर ओढा ओलांडा, देवीचं करा आणि माघारी या. कोणी अडवायचं नाही."

"चिठ्ठी?" धाकूने विचारलं.

"मी असताना चिठ्ठी कशाला पायजे?"

धाकूने त्याच्या पायाला हात लावला, असं सांगतात. वयाने सुभान्या त्याच्याहून लहान होता.

दुसऱ्या दिवशी माणसांनी ऊस तोडतच उपास केला. आपटा कुठे मिळेना. तेव्हा भागीने कुंपणावरच्या वेलीची पानं खुडली आणि एकेक पान मधोमध दुमडून आपट्यासारखं केलं. ओढ्यातला एक गोल धोंडा धाकूने धुतला, त्याला हळद लावली आणि तीच देवी म्हणून खांद्यावर घेतली. निघताना पहिलं सोनं त्याने सुभान्याच्या हातात ठेवलं.

"आज तू आम्हाला गावी नेलंस," धाकू म्हणाला.

सुभान्याने पान घेतलं, कपाळाला लावलं, आणि तो याच काठावर उभा राहिला. बाकीचे पाण्यात उतरले. बायका गाणं म्हणत होत्या. कित्येकजण रडत होते म्हणे, पण आनंदाने. पलीकडे पाय टेकल्यावर ते एकमेकांना सोनं देऊ लागले, तोच उसातून शिपाई बाहेर आले.

धाकूने वळून हाक मारली, "सुभान्या, सांग त्यांना."

सुभान्याने पाठ फिरवली. पान हातात धरून तो चालू लागला.

मग सगळं उघड झालं. विनाचिठ्ठी धरलेल्या माणसाचं गिरमिट वाढत असे, आणि सुटू पाहणारे हात मालकाला सोडायचे नव्हते. दसऱ्याला ही माणसं कशाने भुलतील हे त्या गोऱ्याला कुठून ठाऊक असणार? ते सुभान्याने सांगितलं. ज्यांची जहाजं ठरली होती त्यांची राहिली, आणि मग बहुतेकांची कायमची राहिली. आम्ही इथले झालो ते असे.

शिपायांनी देवीचा धोंडा पाण्यात लोटला. धाकूने सगळा दोष आपल्यावर घेतला. तरी कोणी सुटलं नाही, उलट त्याला एकट्याला दूर खडी फोडायला नेलं. तिथे तो तापाने गेला. भागीला ते कळलं तेव्हा त्याला पुरूनही झालं होतं.

पुढच्या दसऱ्याला सुभान्या कोऱ्या धोतरात आपल्या घराच्या दारात उभा राहिला. माणसं भीतीने त्याला सोनं द्यायला निघाली. भागी वाटेत आडवी झाली.

"माझ्या घरच्याने याच्या हातात सोनं ठेवलं होतं," ती म्हणाली. "आता कुणी कुणाच्या हातात ठेवायचं नाही. ज्याला सोनं सोडायचं असेल त्याने पाण्यात सोडावं. तिथे आपली देवी आहे."

आणि ती ओढ्याकडे चालू लागली. शिपाई असतील हे माहीत असूनही तिच्यामागून एकेकजण निघाला. त्या दिवशी मात्र शिपाई आले नाहीत. का, ते कुणाला कळलं नाही.

सुभान्याचा तळहात काळा पडला आणि मरेपर्यंत तसाच राहिला, असं सांगतात. मलाही लहानपणी ते खरं वाटे. पण तो खूप जगला, त्याने जमीन घेतली, आणि गावातलं पहिलं देऊळ त्यानेच बांधलं. त्याचं नाव तिथे दगडात कोरलेलं आहे. धाकूचं कुठेच नाही.

आता मळा मोडला, चिठ्ठ्या गेल्या. पलीकडच्या काठावरून बस जाते. सुभान्याच्या घरचेही आमच्याबरोबर येतात, आमच्यासारखीच पानं सोडतात. त्यांना कोणी काही बोलत नाही. तरी आजही या गावात सख्खा भाऊ भावाच्या हातात सोनं देत नाही. तुम्ही देशातून खरा आपटा आणलाय, मघाशी तुमच्याबरोबरच्या बाईंनी दाखवला. तो मला देऊ नका. चला, पाण्यापर्यंत मी येतो तुमच्याबरोबर.