पोटाशी बांधलेली नऊ अंडी

करवंदीच्या जाळ्या जिथे संपतात, तिथे एका इवल्याशा झोपडीत तानी आणि तिची आई राहायच्या. तानीला एक खोड होती. जे बंद दिसेल ते उघडून बघायचं. शेंग दिसली की सोल, कळी दिसली की उलगड. तिच्या हातून एक कळी धड फुलली असेल तर शपथ!

दोघींकडे एकच कोंबडी होती, कवडी. ती नऊ अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघाली तर इथेच राहायचं, नाही तर घर सोडून लांब वीटभट्टीवर कामाला जायचं, असं आईने ठरवलं होतं. आणि अठराव्या दिवशी सकाळी रानमांजराने कवडीला नेलं. तानी खूप रडली. मग तिने एकेक अंडं गालाला लावून पाहिलं. अजून कोमट होती. तिने ती आईच्या जुन्या पातळात गुंडाळून पोटाशी बांधली आणि वाळकं गवत आणायला रानात गेली.

जाळीआड तिला एक चिमुकली बाग दिसली. बोटभर उंचीची जांभळी, केशरी, गुलाबी फुलं, आणि पाकळीपाकळीवर दव चमचमत होतं. मधोमध एक परी कुडकुडत बसली होती. धुक्याने तिचे चंदेरी पंख चिंब भिजले होते.

"माझ्याकडे ऊब आहे," तानी म्हणाली. "जराशी दाटी होईल. चालेल का?"

परी अंड्यांमध्ये शिरली. थोड्या वेळाने पंख झटकत बाहेर आली आणि म्हणाली, "एक इच्छा माग."

"माझी कवडी परत दे."

"गेलेलं परत येत नाही, बाळा. अजून यायचं आहे ते माग."

"मग पिल्लं येऊ देत."

"येऊ शकतील. पण दोन नियम आहेत. अंडं फोडून आत बघायचं नाही. आणि आता काही होणार नाही, असं तू म्हणायचं नाहीस. दुसरे खुशाल म्हणोत."

"आत काय चाललंय, तुला तरी ठाऊक आहे का?"

"नाही गं," परी हसली. "मलाही बघायचंय."

तीन दिवस तानी पळाली नाही की कुशीवर वळली नाही. अंडी हळूच फिरवायची, कान लावायची. आत डोळे मिटलेले असतील की उघडे? माझं बोलणं ऐकू जात असेल का?

एकविसावा दिवस, पिल्लं निघायचा दिवस, तसाच गेला. शेजारच्या सखूमावशीने कोमट पाण्यात एक अंडं सोडून पाहिलं. आत जीव असता तर ते हललं असतं. ते गप्प राहिलं.

"वाया गेली गं पोरी," मावशी म्हणाली. "एक फोडून बघ, म्हणजे मनाची रुखरुख तरी जाईल."

तानीने दगड उचलला. हात नुसते शिवशिवत होते. एक टिचकी, की सगळं कळलं असतं. तिने दगड खाली ठेवला.

"आत काय आहे ते मला माहीत नाही, मावशी," ती म्हणाली. "म्हणजे अजून काहीही असू शकतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने गाठोडं बांधलं. "चल, तानी. आता सोड ती."

"भट्टीपर्यंत राहू देत ना, आई. मला जड होत नाहीत."

आईने पातळाची गाठ नीट केली. दोघी दाराबाहेर पडल्या आणि तानीच्या पोटाशी काहीतरी टकटकलं. टक्. टक् टक्. मग, चिव्.

तानी अलगद खाली बसली आणि तिने पातळ उलगडलं. एका अंड्याला भोक पडलं होतं आणि त्यातून तांदळाएवढी चोच डोकावत होती. मग दुसरं तडकलं, मग तिसरं. गुलाबी, केशरी, जांभळट, त्या बागेतल्या फुलांच्या रंगांची आठ ओलेती पिल्लं धडपडत बाहेर आली. अंगणभर सोनेरी उजेड पसरला. त्यात परी उभी होती. तिने डोळे भरून पिल्लं पाहिली आणि ती उजेडातच हळूहळू विरून गेली.

"तानी, परी चालली बघ," आई कुजबुजली.

"थांब ना आई, अजून एक यायचंय."

आई थांबली. आता तिला कुठेच जायचं नव्हतं. ती तानीशेजारी मांडी घालून बसली, आणि दोघी त्या नवव्या अंड्याकडे बघत राहिल्या.