रथाचा आख आणि मागचा दोर

एका टेकडीखाली एक गाव होतं. गावाचा देव वर टेकडीवर. वर्षातून एकदा, जत्रेला, तो रथात बसून खाली यायचा. त्याच्या शेजारी पाच घरचे पाच मानकरी बसायचे. ही रीत कोणी पाडली कोण जाणे, पण पाडली तेव्हा माणसं सडपातळ असणार.

एका वर्षी जत्रेच्या तोंडावर सुतारानं रथ तपासला. दोन चाकांना जोडणारा आडवा आख चिरला होता. नवा करावा तर वाळलेलं लाकूड नव्हतं.

सुतार पाटलाला म्हणाला, "देव पेलेल. मानकरी नाही पेलणार."

पाटलानं दवंडी पिटवली, यंदा रथावर कोणी बसायचं नाही. मानकऱ्यांना आधी दोन शब्द सांगावेत, एवढंही त्याला सुचलं नाही. खरं बोललं की काम झालं, असं त्याला वाटायचं.

जत्रेला थोरले मानकरी हाताची घडी घालून उभे. त्यांची भावकीही उभी. दोराला कोणी हात लावेना.

"देव पेलतो आणि आम्हीच जड झालो काय?" थोरले म्हणाले.

"देव लाकडाचा आहे, मालक," सुतार म्हणाला. "तुम्ही तुपाचे."

झालं. दोराजवळ उभे होते ते चार जणही मागे सरले.

"आख तर वाचला," सुतार पाटलाला म्हणाला.

"वाचला. पण रथ जागचा हललाय का?" पाटलानं विचारलं.

"ते माझं काम नाही, पाटील."

चिडून पाटील म्हणाला, "मग बसू दे त्यांना."

सुतारानं चाक धरलं. "बसवा. उताराच्या पायथ्याशी कुंभारवाडा आहे. पोरं रथ बघायला ओट्यावर बसलीत. आख मोडला की रथ तिथंच जाणार."

पाटलानं उताराकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच त्यानं नीट विचारलं, "सपाटीवर पेलेल का?"

"उताराच्या अलीकडे वड आहे, तिथपर्यंत पेलेल. हळू नेला तर. उतारावर नाही."

पाटील थोरल्यांकडे गेला. "काका, तुम्हाला न विचारता दवंडी दिली, ते चुकलं. वडापर्यंत बसा. तिथून उतरा. उतारावर रथ पुढच्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागून दोर धरतात, तो यंदा तुम्ही पाच जणांनी धरा."

"म्हणजे उतरवतोसच की आम्हाला."

"उतरवतोय. आख चिरलाय, खोटं कशाला सांगू? पण देव कोणाच्या तरी हातात सोपवायचा, तर तुमच्याशिवाय कोणाच्या?"

थोरल्यांनी सुताराकडे रागानं पाहिलं आणि पाचही जण रथावर चढले. भावकीनं दोर उचलला.

वडाशी पाचही जण उतरले, मागचा दोर कमरेला वेढून उभे राहिले. अर्ध्या उतारावर आख कडाडला आणि रथ घसरला. पाच जाड माणसांनी टाचा मातीत रोवल्या. दोर ताणला, रथ थांबला. सुतारानं धावत जाऊन चाकाखाली दगड लावले, आखाला फळी बांधली. दिवेलागणीला देव गावात पोचला. ओट्यावरची पोरं ओट्यावरच होती.

पुढच्या वर्षी नवा आख बसला. सुतार स्वतः जाऊन म्हणाला, "मालक, आता खुशाल बसा."

थोरले म्हणाले, "बसायला काय, कोणीही बसतं. तो मागचा दोर आण इकडं."

तात्पर्य: कारभार करणाऱ्यानं आखाचंही ऐकावं आणि माणसांचंही. नुसता आख सांभाळला तर रथ हलत नाही, आणि नुसती माणसं सांभाळली तर तो कुंभारवाड्यात जातो.