खोडलेला आकडा

"...पण मॅडम, तुम्हाला कधीच वाटलं नाही, की आपण इथले नाही?"

पौर्णिमा कुमरेनं एका दमात विचारून टाकलं. हातात घरी जाण्याचा अर्ज होता. बॅग बाहेर व्हरांड्यात.

डॉ. गिरिजा कोवेंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"वाटलं ना. अजूनही वाटतं."

हे उत्तर पौर्णिमानं गृहीत धरलं नव्हतं.

पाण्यावरच्या संशोधनामुळे मॅडमचं नाव देशभर होतं. दोन वर्षांपूर्वी त्या पौर्णिमाच्या आश्रमशाळेत आल्या आणि मुलींशी चक्क गोंडीत बोलल्या. तेव्हापासून पोरीनं एकच ध्यास घेतला होता, आपणही हेच करायचं. आता नागपूरला, त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या उन्हाळी शिबिरात, नवव्या दिवशी ती परत निघाली होती.

"कुणी काही बोललं?"

"बोलत कुणीच नाही. गटातले तिघं आपसात इंग्रजीत बोलतात, मी नुसती शेजारी उभी... मला कुणाची दया नको, मॅडम. जमत नाही, एवढंच."

मॅडमनी अर्जाला हात लावला नाही. गटाचा कालचा तक्ता उचलून खिडकीच्या उजेडात धरला. चौथ्या ओळीत चार लिहिलं होतं. त्याखाली रबरनं खोडलेला अकरा अंधुक दिसत होता.

"हे तू खोडलंस?"

"हो."

"का?"

"पाण्याचा गढूळपणा तिघांनाही चार मिळाला. मलाच अकरा. म्हणजे माझंच..."

मॅडमनी कालच्याच पाण्याची बाटली पुढे केली.

"मोज."

अर्ज टेबलावर ठेवून पौर्णिमानं बाटली घेतली. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तशी चार-पाच वेळा उलटसुलट केली, पाणी कुपीत ओतलं, कुपी यंत्रात ठेवली.

अकरा.

मॅडमनी बाटली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसल्या. पौर्णिमाही बसली. बराच वेळ बाटली तशीच राहिली, गाळ सावकाश तळाला गेला. मग मॅडमनी बाटली जराही न हलवता वरचं पाणी दुसऱ्या कुपीत घेतलं.

चार.

"त्यांनी हलवलीच नाही!" पौर्णिमा उठून उभी राहिली.

"हे पाणी एक गाव पितं," मॅडम म्हणाल्या. "आपण त्यांना चार कळवणार होतो."

पौर्णिमाचा चेहरा उतरला. खोडताना हे मनात आलंच नव्हतं. आपली लाज तेवढी झाकली, असं वाटलं होतं.

व्हरांड्यात तिघांचा आवाज आला.

"जा. सांग त्यांना."

"मी?"

मॅडमनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. पौर्णिमानं तक्ता उचलला, बाटली घेतली. दारापर्यंत गेली आणि अडखळली.

"मॅडम... आणि उद्या खरंच माझं चुकलं तर?"

मॅडम कुपी धुवायला वळल्या होत्या. तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "मग चुकेल. इथं कुणाचं चुकत नाही, पोरी?"