चैनगाडीचा एक्केचाळिसावा विमा

निंबळगडचे राजे भैरवदेव हट्टाला पेटले होते. चाळीस विम्यांमधून हवे तेवढेच विमे निवडायचे, एकही जास्त नको आणि एकही कमी नको. आणि ते निवडायचे होते सोनबा सुताराने.

झालं होतं असं. राजांना राज्यकारभाराचा फार लवकर कंटाळा येई, म्हणून त्यांनी सोनबाकडून एक चैनगाडी करून घेतली होती. आठ बैलांनी ओढायची; आत पलंग, झोपाळा, भजी तळायला चूल, आणि टपावर हुक्का ओढत बसायला छोटासा सज्जा. तिच्यातून डोंगरावर थंड हवेला जायचं ठरलं. तेवढ्यात बातमी आली की शेजारच्या राजाची अशीच गाडी ओढ्यात कलंडली आणि तो ओल्या विजारीत चार कोस चालत घरी गेला. राजांनी तातडीने विमा उतरवणाऱ्या लखमशेटला बोलावलं.

शेट एक सोडून चाळीस विमे घेऊन आला. विजेचा वेगळा, मगरीचा वेगळा, पिसाळलेल्या हत्तीचा वेगळा. धूमकेतूचासुद्धा होता. ज्याचा विमा घेतला असेल त्याचीच भरपाई मिळणार.

"सगळेच घ्या महाराज," शेट म्हणाला. "जिवाला घोर नको."

"सगळे घेतले तर तू हसशील. थोडे घेतले आणि भलतंच काही मोडलं तर शेजारचा हसेल. मला कुणीच हसलेलं चालणार नाही."

प्रधानजींनी मगरीचा विमा सुचवला, म्हणून त्यांना विश्रांतीसाठी घरी पाठवण्यात आलं. मग गाडी करणाऱ्या सोनबाला पुढे उभं केलं.

"गाडी म्या केली महाराज," सोनबा म्हणाला. "तिचं पुढं काय हुईल ते मला कसं ठावं?"

"उद्या संध्याकाळपर्यंत ठरव. नाही जमलं तर तूच आमचा विमा. गाडी जाईल तिथे तिच्यामागून चालायचं आणि मोडेल ते जोडायचं. जन्मभर."

सोनबाचे गुडघे असे होते की देवळाच्या पाच पायऱ्या चढताना तो दोनदा बसे. घरी येऊन त्याने मुलीला, म्हाळूला, सगळं सांगितलं आणि गुडघ्यांना तेल चोळत बसला. बापाकडे बघून म्हाळूला राजाचा इतका राग आला की तव्यावरची भाकरी करपली. दुसरी भाकरी भाजून होईपर्यंत मात्र तिला युक्ती सुचली होती.

सकाळी ती दरबारात हजर झाली.

"महाराज, कंचा विमा लागंल ते इकणाऱ्याला पक्कं ठावं असतं."

"तो तर चाळीसही लागतील म्हणतो."

"इकताना म्हणत्यात. त्यास्नी एकदा गाडीत बसवा. पहिल्या फेरीचा मान शेटजींचा."

मान म्हटल्यावर शेट फुलला. पलंगावर लोडाला टेकून बसला, चुलीवर भज्यांची कढई चढली, आणि गाडी निघाली. म्हाळू कोळशाचा तुकडा आणि एक फळी घेऊन गाडीवानाशेजारी बसली. राजे घोड्यावरून बाजूने चालले.

नदी लागली. पाण्यातून गाडी पार झाली तेव्हा शेट घोरत होता. माळावर आभाळ भरून आलं, ढग गडगडू लागले, तेव्हा शेट जागा होऊन भजी मागत होता. म्हाळूने फळीला कोळसा लावला नाही.

मग खिंडीतला खडकाळ रस्ता आला. गाडीने हिसका खाल्ला, कढईतलं तेल चुलीत सांडलं आणि भडका उडाला. "पडदे पेटतील! चूल विझवा आधी!" शेट ओरडला. म्हाळूने एक रेघ ओढली. चूल विझली, पण पुढे उतार होता. बैलांना गाडी आवरेना. "चाकाखाली धोंडे घाला रे!" दुसरी रेघ. गाडी कशीबशी थांबली आणि सावकाश उतरू लागली. आत घाम फुटला म्हणून शेट वारा खायला वर सज्जात गेला, तर समोरून वडाची आडवी फांदी आली. "सज्जा गेला!" म्हणत त्याने खाली रस्त्यावर उडी टाकली. तिसरी रेघ.

सज्जा खरंच गेला. शेट पाय धरून बसला. "माझा घोटा! याच्या औषधपाण्याचं कोण बघणार?"

म्हाळूने त्या तीन रेघांपासून जरा लांब, एक जाड रेघ ओढली आणि फळी राजांपुढे धरली.

"महाराज, चूल, उतार आन् फांदी. एवढेच विमे घ्या."

"आणि विजेचा?" शेट कण्हत म्हणाला.

"ढग गडगडत हुते तवा तुमी भजी मागत हुता."

"मगरीचा?"

"नदीत तुमी घोरत हुता. महाराजांनी सोता ऐकलंया."

राजांनी मान डोलावली. "आणि ही चौथी, जाड रेघ?"

"हा विमा शेटजींच्या चाळिसात न्हाईच. चाक, छत, पडदा, समद्याचा विमा हाय, पर आत बसणाऱ्या माणसाचा एकबी न्हाई. त्यो आधी लिवून घ्या."

राजांनी एकदा मोडक्या सज्जाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "म्हणजे सज्जा मोडला तर नवा सज्जा मिळाला असता. आणि मी मोडलो असतो तर?"

"तर नव्या राजाला गाडी धडधाकट मिळाली असती," म्हाळू म्हणाली.

गाडीवानाने डोळे मिटून घेतले. राजे मात्र इतके हसले की घोडा दचकून बाजूला झाला. तिथल्या तिथे शेटकडून चार विमे लिहून घेतले. चौथा फुकटात, कारण तो विसरला होता शेटच.

"काय हवं ते माग, पोरी."

"बाबानं गाडी केली, पर अजून आत बसला न्हाई."

दुसऱ्या दिवशी गाडी थंड हवेला निघाली. पलंगावर गुडघे लांब करून सोनबा सुतार भजी खात बसला होता, आणि राजे झोपाळ्यावर बसून त्याला चटणी वाढत होते. विमा उतरवणाऱ्याने सोबत असावं असा हुकूम असल्यामुळे लखमशेटही निघाला होता. पण पुन्हा त्या गाडीत पाय ठेवायला तो काही केल्या तयार होईना. तो काठी टेकत मागून चालत होता.